बाबासाहेब आणि रुपयाचा भाव



आपल्या घराघरांत परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची तसबीर आहे. अंगात कोट, डोळ्यांवर चष्मा, हाताशी ग्रंथ. चौदा एप्रिलला आपण तिला हार घालतो, मुलाबाळांना तिच्यापुढे उभे करतो. पण बाबासाहेबांनी लिहिलेला एक मोठा ग्रंथ रुपयावर आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आणि ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकी किती जणांनी तो उघडून पाहिला आहे? ते पंडितांचे काम, आपल्याला काय कळणार, असे म्हणून आपण तो कपाटात ठेवला आहे. मी शाळामास्तर आहे, मुलांना गणित शिकवतो. माझ्या अनुभवाने सांगतो, पाढे आणि त्रैराशिक येणाऱ्या माणसाला या ग्रंथाचे मर्म कळते. म्हणून आज बाबासाहेबांचे चरित्र आपण रुपयाच्या वाटेने चालून पाहू.

आधी थोडे गणित. इंग्लंडचा एक पौंड म्हणजे त्या काळी २० शिलिंग आणि एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स. एकूण २४० पेन्स. आपला रुपया सोळा आण्यांचा. एका रुपयाला किती पेन्स मिळतात, यालाच रुपयाचा भाव म्हणत. व्यापारी लोक त्याला हुंडणावळ म्हणत. रुपयाला २४ पेन्स मिळाले तर एका पौंडाला १० रुपये पडतात. १६ पेन्स मिळाले तर १५ रुपये. १८ पेन्स मिळाले तर १३ रुपये ५ आणे ४ पै. एवढे तीन आकडे ध्यानात ठेवा. पुढची सारी भांडणे याच आकड्यांची आहेत.

१८३५ साली कंपनी सरकारने सगळ्या मुलखात एकच रुपया चालू केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून आणावेत, अशी मुभा होती. म्हणून रुपयाची किंमत म्हणजे त्यातल्या चांदीची किंमत. पण १८७० नंतर जर्मनी व इतर देशांनी चांदी सोडून सोन्याचे नाणे धरले, खाणींतून चांदीही अधिक निघू लागली, आणि जगाच्या बाजारात चांदी घसरली. तिच्याबरोबर रुपया घसरला. १८७१-७२ च्या सुमारास रुपयाला २३ पेन्स मिळत होते. १८९२-९३ साली १५ पेन्सही पुरते मिळेनात.

यात गरिबाचे काय गेले, असे तुम्ही विचाराल. सांगतो. हिंदुस्थान सरकारला दरसाल विलायतेत मोठी रक्कम पाठवावी लागे. कर्जावरचे व्याज, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शने, पलटणीचा खर्च, सामानाची खरेदी. ही सारी देणी पौंडांत आणि करवसुली रुपयांत. १८९२-९३ साली सुमारे १ कोटी ६५ लक्ष पौंड पाठवले, त्यासाठी २६ कोटी ४८ लक्ष रुपये मोजावे लागले. वीस वर्षांपूर्वीच्या भावाने तेवढेच पौंड पावणेअठरा कोटींत मिळाले असते. मधला फरक पावणेनऊ कोटींचा. तो कोठून आला? शेतसारा, मिठावरचा कर, अशा वाटांनी तो रयतेच्या पदरातून आला. शेतमजुराने भाकरीबरोबर जे मीठ खाल्ले, त्यातही हुंडणावळीचा वाटा होता.

अशा काळात, १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत बाबासाहेबांचा जन्म झाला. ते दोन वर्षांचे असताना, २६ जून १८९३ रोजी, सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. त्या दिवसापासून रुपया पाडण्याचा अधिकार एकट्या सरकारच्या हाती गेला. रुपया दुर्मिळ करून त्याचा भाव १६ पेन्सांवर चढवायचा असा सरकारचा विचार होता. काही वर्षांत भाव तेथे आला, आणि १८९९ साली इंग्रजी सोन्याचा पौंड १५ रुपयांच्या हिशोबाने येथे कायदेशीर चलन ठरला.

लहान भीमाला यातले काय ठाऊक असणार? त्याला रुपयाची ओळख घरातच झाली. वडील सुभेदार रामजी सकपाळ पेन्शनीत निघालेले, घर मोठे, मिळकत बेताची. आई भीमाबाई लवकर गेली. मुलाला पुस्तकांचे वेड. सुभेदार मुंबईत असताना लग्न झालेल्या लेकींकडे जात, दोन-चार रुपये उसने मागत, नसले तर तिचा एखादा दागिना गहाण टाकीत आणि मुलाला हवे ते पुस्तक आणून देत. पेन्शन आली की दागिना सोडवून परत करीत. दागिना गहाण जातो तेव्हा रुपया म्हणजे काय हे मुलाला जितके कळते, तितके ते कोणत्याही शाळेत कळत नाही. पुढे बाबासाहेबांनी रुपयावरचा ग्रंथ आपल्या आई-वडिलांच्या स्मृतीला अर्पण केला, तो उगाच नव्हे.

१९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी परदेशी शिक्षणासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. ती किती होती माहीत आहे? दरमहा साडेअकरा पौंड. त्या वेळच्या भावाने १७२ रुपये ८ आणे. ज्या मुलाला शाळेत वर्गाबाहेरच्या गोणपाटावर बसावे लागले, ज्याला माठाला हात लावू दिला नाही, त्याचे पुढचे आयुष्य आता पौंडांत मोजले जाऊ लागले.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली ते एम. ए. झाले. तेथे प्राध्यापक सेलिग्मन यांच्यासारखा अर्थशास्त्री गुरू लाभला. १९१६ साली ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्ध चालू होते. वेगळ्या बोटीने पाठवलेली त्यांची पुस्तके ती बोट बुडाल्याने समुद्राच्या तळाशी गेली. बडोद्याच्या नोकरीत काय झाले ते आपण सारे जाणतो. शिपाई लांबून कागद फेकीत, राहायला जागा मिळेना, शेवटी शहर सोडावे लागले. कोलंबियाची पदवी होती, खिशात पगाराचा रुपया होता, पण त्या रुपयाने एक खोली भाड्याने मिळत नव्हती. रुपयाच्या अंगी कितीही चांदी असली तरी जातीपुढे तो खोटा ठरत होता. हा धडा पुढच्या कोणत्याही ग्रंथात लिहिलेला नाही, पण तो त्यांच्या मनातून गेला असेल असे मला वाटत नाही.

१९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगारातला पैसा पैसा वाचवून लंडनचा अभ्यास पुरा करायचा, हा एकच ध्यास. परळच्या चाळीत रमाई संसार ओढीत होत्या. १९२० च्या जानेवारीत मूकनायक निघाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, आणि जुलै महिन्यात बाबासाहेब पुन्हा विलायतेला निघाले. स्वतःची शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढी शिदोरी. ही सारी शिदोरी रुपयांतली होती, आणि खर्च पौंडांत होता.

वाचकहो, येथे जरा थांबा. १९२० साल हे रुपयाच्या इतिहासातले सर्वांत वादळी साल. युद्धात चांदी भयंकर महागली होती, म्हणून रुपयाही चढत गेला होता. फेब्रुवारी १९२० मध्ये लंडनी चलनात एका रुपयाला ३४ पेन्सांच्या आसपास भाव आला होता. बॅबिंग्टन स्मिथ समितीने सोन्याच्या हिशोबाने रुपया दोन शिलिंगांवर बांधावा असा सल्ला दिला. समितीतले एकटे दादिबा मेरवानजी दलाल विरुद्ध होते. जुना १६ पेन्सांचाच भाव ठेवा असे त्यांचे मत होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. सरकारने नवा भाव टिकवण्यासाठी साडेपाच कोटी पौंडांच्या उलट हुंड्या विकल्या, म्हणजे येथे रुपये घेऊन लंडनमध्ये स्वस्तात पौंड दिले. ज्यांच्यापाशी रुपयांचे ढीग होते त्यांनी ते भराभर विलायतेला नेले. भाव मात्र टिकला नाही. सप्टेंबरात सरकारने हात टेकले, आणि १९२१ साली रुपया १६ पेन्सांच्याही खाली घसरला.

आता त्रैराशिक मांडा. रुपया २४ पेन्सांचा असताना हजार रुपयांचे १०० पौंड येतात. १६ पेन्सांचा झाला की तेच हजार रुपये ६६ पौंड १३ शिलिंगांवर येतात. तिसरा हिस्सा हवेत गेला. तो विद्यार्थ्याच्या पोटातून गेला, एवढेच म्हणायचे. त्या दिवसांत बाबासाहेब सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचे दार उघडताच आत जात आणि संध्याकाळी दार बंद होताना बाहेर पडत. दुपारचे जेवण बहुधा नाहीच. रात्री एखादा पावाचा तुकडा, आणि पुन्हा वाचन. पोटाला चिमटा काढणाऱ्या या विद्यार्थ्याने अभ्यासाला विषय कोणता घ्यावा? रुपया!

जून १९२१ मध्ये ते एम. एस्सी. झाले. १९२२ च्या ऑक्टोबरात त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध डी. एस्सी. साठी सादर केला. परीक्षकांना तो झोंबला. एका हिंदी विद्यार्थ्याने इंग्रज सरकारच्या चलननीतीची चिरफाड केली होती. १९२३ च्या मार्चमध्ये त्यांना प्रबंध पुन्हा लिहून आणण्यास सांगण्यात आले. हाती पैसा उरला नव्हता, म्हणून ते मुंबईला परतले आणि येथूनच लिखाण सुधारून पाठवले. भाषा थोडी नरमली असेल, पण निष्कर्ष त्यांनी सोडले नाहीत. १९२३ साल संपण्यापूर्वी पदवी मिळाली आणि लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने ग्रंथ छापला. त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. शिष्याची काही मते आपल्याला पटत नाहीत असे गुरूने उघड सांगितले, आणि तरीही त्याच्या विचारांचा ताजेपणा मान्य केला. दोघांनाही हे शोभणारे होते.

ग्रंथात काय आहे? सात प्रकरणे आहेत. १८३५ पासूनचा इतिहास त्यांत आहे. पण त्याचे मर्म मी तुम्हांला दोन गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट. टांकसाळी बंद झाल्यावर रुपयातली चांदी त्याच्या दर्शनी किमतीपेक्षा कमी किमतीची झाली. मग रुपया आणि कागदाची नोट यांत फरक तो काय? एक कागदावर छापलेली, दुसरी चांदीवर. सरकारने पुढे १९०० पासून स्वतःच भराभर रुपये पाडायला सुरुवात केली. प्रत्येक रुपयामागे सरकारला नफा. ज्याच्या हाती नाणे पाडण्याची किल्ली, त्याला नफ्याचा मोह, आणि वर लगाम कोणाचाच नाही. त्या काळचे मोठे इंग्रज अर्थशास्त्री जॉन मेनार्ड केन्स यांना ही व्यवस्था पसंत होती. १९१३ साली त्यांनी हिंदुस्थानच्या चलनावर ग्रंथ लिहून तिची वाखाणणी केली होती. वर्तणूक शहाण्या माणसांच्या हाती आहे, ते नीट सांभाळतील, असा त्यांचा भरवसा. बाबासाहेबांना तो भरवसा मान्य नव्हता. राज्यकर्ते शहाणे असतील किंवा नसतील; व्यवस्थाच अशी हवी की त्यांना मनास येईल तसे वागता येऊ नये. म्हणून रुपये पाडणे सरकारलाही बंद करा, सोन्याचे नाणे चालू करा, दोघांचे प्रमाण कायद्याने ठरवा, असा त्यांचा उपाय होता. पुढे राज्यघटना लिहिताना ज्या माणसाने सत्तेला जागोजागी लगाम घातले, त्याची ही पूर्वतयारीच म्हणायची.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सरकार म्हणे, पाहा, आम्ही रुपया १६ पेन्सांवर कसा स्थिर ठेवला! बाबासाहेबांनी विचारले, लंडनमध्ये स्थिर ठेवलात, पण मुंबईच्या बाजारात? रुपयाला पेन्स तेवढेच मिळत असतील. पण त्याच रुपयाला धान्य किती मिळते? त्या वर्षांत येथे भाव चढत होते, म्हणजे रुपयाची खरेदीची ताकद घटत होती. हुंडणावळीशी संबंध व्यापाऱ्याचा आणि सरकारचा; बाजारभावाशी संबंध सगळ्यांचा. म्हणून स्थिर ठेवायची ती रुपयाची देशातली खरेदीची ताकद, हे त्यांचे सूत्र.

आणि रुपया स्वस्त झाला की कोणाचे भले होते, तेही त्यांनी उकलून दाखवले. समजा, कापसाच्या मालाला विलायतेत दहा पौंड येतात. भाव १८ पेन्स असेल तर व्यापाऱ्याच्या हाती १३३ रुपये येतात. १६ पेन्स असेल तर १५० रुपये. माल तोच, मेहनत तीच, जास्तीचे रुपये व्यापाऱ्याला. मग गिरणीतल्या कामगाराचा पगार त्या प्रमाणात वाढतो काय? लगेच वाढत नाही. बाजारात धान्य, कापड, मीठ मात्र महागते. घसरत्या रुपयाच्या काळात गिरण्या भरभराटल्या, त्यामागे मजुरीचा मागे पडलेला पाय होता, असा त्यांचा निष्कर्ष. राष्ट्राचा फायदा म्हणून जो सांगतात तो बाहेरून आलेला नसतो. एका वर्गाच्या खिशातून निघून दुसऱ्या वर्गाच्या खिशात गेलेला असतो. हा विचार डॉक्टरेटच्या प्रबंधात आला खरा, पण तो सुचायला परळच्या चाळीत राहावे लागते.

१९२५ साली हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली चलनाविषयी शाही आयोग आला. १५ डिसेंबर १९२५ रोजी बाबासाहेबांनी त्याच्यापुढे साक्ष दिली. त्या वेळी देशात दोन तट होते. मुंबईचे गिरणीमालक व व्यापारी १६ पेन्स मागत होते आणि ती राष्ट्रीय मागणी म्हणून गाजत होती. सरकारचा ओढा १८ पेन्सांकडे. जो १८ म्हणेल तो सरकारधार्जिणा, असा शिक्का बसत होता. बाबासाहेबांनी शिक्क्याची पर्वा केली नाही. स्वस्त रुपयाने कमावणारा कोण आणि गमावणारा कोण, हा प्रश्न त्यांनी आयोगापुढे ठेवला. रुपया खाली आणायचाच तर गरिबाला पेलेल एवढाच, अशी त्यांची भूमिका होती. त्या आयोगापुढे मोठमोठे शेठ आले, बँकवाले आले. आपला पगार महिन्याला बाजारात घेऊन जाणाऱ्या माणसाच्या बाजूने एवढ्या शास्त्रशुद्ध रीतीने बोलणारा हा अस्पृश्य समाजातला बॅरिस्टर होता.

१९२६ साली आयोगाने १८ पेन्सांची शिफारस केली. पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १६ पेन्सांसाठी भिन्नमत नोंदवले. मार्च १९२७ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात या दोन पेन्सांवर घमासान झाले आणि १८ पेन्सांचा कायदा थोड्या मतांनी पार पडला. त्याच मार्चमध्ये, २० तारखेला, बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर होते. ज्याने रुपयाचा भाव जगाला समजावून सांगितला, त्याला ओंजळभर पाण्यासाठी हजारो बांधवांसह चालत जावे लागले. पाण्याला तर पैसाही पडत नव्हता. या देशातली सर्वांत महाग वस्तू कोणती होती, ते यावरून कळते.

आपल्या सभांतून कधी कधी सांगितले जाते की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनीच काढली. मित्रहो, त्यांचे मोठेपण सांगताना आपण नेमके बोलावे. मध्यवर्ती बँकेची शिफारस हिल्टन यंग आयोगाने केली, कायदा १९३४ साली झाला, बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली. बाबासाहेबांची साक्ष मुख्यतः चलनाचे परिमाण आणि रुपयाचा भाव यांवर होती, आणि सोन्याच्या नाण्याची त्यांची योजना आयोगाने स्वीकारली नाही. चलनावर लगाम हवा हा त्यांचा आग्रह मात्र आजही कोणत्याही मध्यवर्ती बँकेला विसरता येत नाही. खरे तेवढे सांगितले तरी ते पुष्कळ आहे. जो प्रत्येक विधान कसोटीला लावून मगच लिही, त्याच्या नावावर आपण ऐकीव गोष्टी चढवू नयेत.

१८ पेन्सांचा भाव सुखाचा ठरला असेही नाही. १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि हा भाव फार चढा आहे अशी ओरड झाली. १९३१ साली इंग्लंडने सोने सोडले तरी रुपया पौंडाच्या दावणीलाच राहिला. १९४९ साली पौंड उतरला, त्याच्याबरोबर रुपयाही उतरला. पौंडाचे १३ रुपये ५ आणे ४ पै हे प्रमाण मात्र तसेच राहिले.

मधल्या काळात बाबासाहेबांचे जीवन केवढे विस्तारले! गोलमेज परिषद, पुणे करार, १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष, १९४२ पासून व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री, मग देशाचे कायदेमंत्री आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष. चलन आणि परकीय हुंडणावळ हे विषय घटनेने केंद्राच्या यादीत घातले. या धकाधकीत १९४७ साली रुपयावरच्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली, पण पुढचा भाग लिहायला त्यांना सवड मिळाली नाही. त्यांच्यापुढे त्याहून मोठा हिशोब उभा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो बांधवांसह बुद्धाला शरण जाऊन तो पुरा केला, आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

पुढे ६ जून १९६६ रोजी सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. १३ रुपये ३३ पैशांचा पौंड एका दिवसात २१ रुपयांचा झाला. १९२७ साली ठरलेला भाव एकोणचाळीस वर्षांनी मोडला. १९७५ साली रुपयाची पौंडाशी बांधलेली गाठही सुटली. आता भाव रोज हलतो, आणि लोक तो डॉलरमध्ये मोजतात.

वाचकहो, रुपया घसरल्याची बातमी ऐकली की कोणी म्हणतो देशाची अब्रू गेली, कोणी म्हणतो निर्यातीला बरे झाले. आपण बाबासाहेबांचा प्रश्न विचारावा. कमावले कोणी? गमावले कोणी? रोजंदारीवर जाणाऱ्या आईच्या पिशवीत संध्याकाळी किती धान्य पडले? महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या लिखाणाचा सहावा खंड काढला, त्यात हा ग्रंथ आहे. त्याच्या प्रकाशनाला २०२३ साली शंभर वर्षे झाली. गावच्या ग्रंथालयात तो खंड मागा. नसेल तर मागवून घ्यायला लावा. चार जणांनी मिळून आठवड्याला चार पाने वाचा. अडले तर शाळेतल्या मास्तरांना विचारा. त्यांनाही अडले तर तेही शिकतील, जसा मी शिकलो. तसबिरीला हार घालणारे हात ग्रंथाची पाने उलटू लागले, म्हणजे सुभेदारांनी गहाण टाकलेले ते दागिने खऱ्या अर्थाने सुटले असे मी समजेन.